बँक अडचणीत आल्यावर ठेवीदारांशी कसे बोलावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक, ज्यांची बँक निर्बंधाखाली आली आहे आणि हातात आलेल्या पत्रकाचा अर्थ लागत नाही असे ठेवीदार. दुसरे, ज्यांना ते पत्रक लिहावे लागते असे बँकेतले लोक. मी तेवीस वर्षे एका नागरी सहकारी बँकेत नोकरी केली. आमच्यावरही एकदा निर्बंध आले होते. शाखेत मराठी टंकलेखन येणारी मी एकटीच होते, म्हणून दारावरच्या सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. निवृत्तीनंतर ठेवीदारांचे दावा अर्ज भरून देते. इथले बहुतेक प्रश्न त्या टेबलापाशी बसलेल्या माणसांनीच विचारलेले आहेत.

पहिली सूचना एवढी अवघड का असते? साध्या मराठीत का सांगत नाहीत?

कारण ती आधी ठेवीदारासाठी लिहिलेलीच नसते. रिझर्व्ह बँक बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली निर्देश काढते. ते बँकेला उद्देशून, कायद्याच्या भाषेत आणि इंग्रजीत असतात. मग मुख्य कार्यालयात कोणीतरी घाईघाईने भाषांतर करते. वकील दोन शब्द बदलतो, अध्यक्ष एक वाक्य गाळतात आणि उरलेला कागद शाखेत येतो. या सगळ्या प्रवासात ‘हे वाचणारा माणूस उद्या दवाखान्याचे पैसे भरणार होता’ हे कोणाच्या मनात आलेले नसते.

‘काही कर्जखात्यांत अनियमितता आढळून आली आहे.’ या वाक्यात चूक काय?

व्याकरणाची काहीच नाही. पण कर्ता कुठे आहे? अनियमितता कोणी केली, कोणाला आढळली, कधी आढळली? वाक्य वाचून असे वाटते की अनियमितता ही पावसात भिंतीला येणारी ओल आहे. आपोआप आली आणि एके दिवशी दिसली.

मराठीत कर्ता गाळणे फार सोपे आहे. ‘झाले’, ‘राहून गेले’, ‘निदर्शनास आले’, ‘आढळून आले’ ही क्रियापदे हाताशीच असतात. काही जण म्हणतात की कर्मणी प्रयोग टाळा म्हणजे झाले. ते बरोबर नाही. ‘आम्ही कर्ज दिले’ हासुद्धा कर्मणी प्रयोगच आहे, तरी त्यात ‘आम्ही’ उभे आहे. दोष प्रयोगाचा नाही, माणूस गाळण्याचा आहे.

हेच वाक्य असे लिहून पाहा: ‘आम्ही एकाच कर्जदाराला मर्यादेपेक्षा जास्त कर्ज दिले आणि ते हिशेबात वेगळे दाखवले नाही.’ वाचायला जड जाते, लिहायला त्याहून जड. पण ठेवीदाराला पहिल्यांदा कळते की काय घडले. ज्याला काय घडले ते कळले, तोच पुढचे वाक्य वाचतो. बाकीचे कागद घडी घालून पिशवीत टाकतात आणि शेजाऱ्याला विचारतात. तिथून अफवा सुरू होते.

खेद, दिलगिरी, क्षमा, माफी: कोणता शब्द वापरावा?

‘खेद वाटतो’ म्हणजे वाईट वाटते. वाईट तर तिऱ्हाइतालाही वाटते. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ आणि ‘क्षमस्व’ हे शब्द खोदलेल्या रस्त्यावरच्या पाट्यांनी झिजवून टाकले आहेत. शिवाय आयुष्याची पुंजी अडकणे ही गैरसोय नव्हे. लिफ्ट बंद असणे ही गैरसोय.

घरात आपण काय म्हणतो? ‘माझं चुकलं.’ संस्थेलाही तेच म्हणता येते: ‘आमचे चुकले.’ दोनच शब्द, पण त्यात कबुली आहे. त्यांच्या पुढे काय चुकले हे लिहावेच लागते, नाहीतर वाक्य अर्धे वाटते. म्हणूनच बहुतेक संस्था ते टाळतात.

वकिलांचा आक्षेप मला माहीत आहे: कबुली दिली की उद्या न्यायालयात तीच पुढे येते. हा आक्षेप खोटा नाही. म्हणून जे अजून तपासात आहे त्यावर कबुली देऊ नये. पण जे रिझर्व्ह बँकेच्या पत्रकात आधीच छापून आले आहे, तेही ‘काही बाबी’ म्हणून लपवण्यात कसला बचाव आहे? सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट संस्था तेवढी मोघम बोलते, तेव्हा गाव ठरवते की अजून बरेच काही दडवलेले आहे.

पीएमसी बँकेच्या वेळी तर जबाबदारी घेतली होती. मग लोक का चिडले?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण तो वर मी जे म्हणते त्याला आव्हान देतो.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी सहा महिन्यांसाठी निर्देश आले. दुसऱ्या दिवशी ठेवीदारांना कळले की खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. त्याच दिवशी व्यवस्थापकीय संचालकांच्या नावाने मोबाइलवर संदेश आला. त्यात खेद होता, जबाबदारी आपण घेतो असे म्हटले होते आणि सहा महिन्यांच्या आत अनियमितता दूर करू असे आश्वासनही होते. म्हणजे कर्ता होता, मुदत होती, माफीची भाषाही होती.

नव्हते ते एकच: काय घडले ते. काही दिवसांतच बाहेर आले की बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होते. तपासयंत्रणेच्या म्हणण्यानुसार ते झाकण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेली. संदेशातले शब्द तेच राहिले, पण आता ते वाचताना ठेवीदाराला कळत होते की लिहिताना काय गाळले होते. जबाबदारी घेतली म्हणायचे आणि ती कशाची ते सांगायचे नाही, हे न सांगण्यापेक्षाही वाईट ठरते. पुढच्या प्रत्येक पत्रकावर त्याची सावली पडते.

मुदतीचेही तसेच झाले. सहा महिने संपले मार्च २०२० मध्ये. निर्बंध उठले नाहीत, त्यांची मुदत वाढली. मग पुन्हा वाढली. शेवटी २५ जानेवारी २०२२ रोजी बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरच्या वैयक्तिक ठेवींची परतफेड योजनेत दहा वर्षांपर्यंत ताणली गेली. सहा महिन्यांचा शब्द पाळणे देणाऱ्याच्या हातात नव्हते, आणि तो मोबाइलवर लेखी देऊन टाकला होता.

‘७० टक्क्यांहून अधिक ठेवीदार पूर्ण रक्कम काढू शकतील’ हे वाचून बरे का वाटत नाही?

पीएमसीच्या वेळी पैसे काढण्याची मर्यादा पायरीपायरीने वाढली: १,००० वरून १०,०००, मग २५,०००, ४०,०००, ५०,०००, आणि जून २०२० मध्ये एक लाख. दर वेळी पत्रकात किती टक्के ठेवीदार मोकळे होतील ते दिलेले असे. १०,००० ला ६० टक्क्यांहून अधिक, २५,००० ला ७० टक्क्यांहून अधिक.

आकडे खरे होते. पण ती खात्यांची टक्केवारी आहे, पैशांची नाही. ज्याच्या खात्यात आठ हजार आहेत तो मोकळा झाला. ज्याने निवृत्तीची पुंजी ठेवली तो उरलेल्या तीस टक्क्यांत आहे, आणि पत्रकात त्याच्याविषयी एकही वाक्य नाही. ओळीत उभा राहून रागावणारा हाच माणूस असतो. तेव्हा आकडा द्यावाच, पण त्याच्या खालीच लिहावे: ‘ज्यांची शिल्लक यापेक्षा जास्त आहे त्यांच्यासाठी आज नवीन काही सांगता येत नाही. पुढची माहिती अमुक तारखेला याच फलकावर लावू.’

‘घाबरून जाऊ नका, अफवांवर विश्वास ठेवू नका’ असे लिहावे का?

शक्यतो नाही. घाबरलेल्या माणसाला घाबरू नको म्हटले की तो समजतो, घाबरण्यासारखे काहीतरी आहे. १ ऑक्टोबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेला समाजमाध्यमावर असेच निवेदन करावे लागले होते: काही सहकारी बँकांसह काही बँकांबद्दल अफवा आहेत, देशाची बँकव्यवस्था सुरक्षित आणि स्थिर आहे, घाबरण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँकेला ते करणे भागच होते, कारण ती सगळ्या व्यवस्थेबद्दल बोलत होती. पण तुमच्या शाखेच्या दारावर त्याची नक्कल करू नका. तिथे उभ्या माणसाला व्यवस्थेची नाही, आपल्या पासबुकाची काळजी आहे.

याउलट येस बँकेचे उदाहरण पाहा. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी निर्बंध आले, ५०,००० ची मर्यादा लागली आणि शेवटची तारीख दिली ३ एप्रिल. स्टेट बँक आणि इतर बँकांनी भांडवल घातले, आणि निर्बंध १८ मार्चला संध्याकाळी सहा वाजता उठले. तारीख दिली होती ती पाळली, तीही आधीच. त्या काळातले कोणते निवेदन आज तुम्हाला शब्दशः आठवते? मला एकही नाही. तारीख आठवते.

आमच्या शाखेसाठी सूचना लिहायची आहे. कशी लिहू?

मी कशी शिकले ते सांगते.

आमच्यावर निर्बंध आले त्या सकाळी मुख्य कार्यालयाचा कागद काचेच्या दाराला आतून चिकटपट्टीने लावला. ‘मा. ठेवीदारांस कळविण्यात येते की, तांत्रिक कारणास्तव रोख व्यवहारांवर तात्पुरत्या स्वरूपाच्या मर्यादा लागू करण्यात आल्या असून ठेवीदारांनी संयम बाळगून सहकार्य करावे.’ साडेनऊला भाजी विकणाऱ्या एक बाई आल्या. रोज पन्नास रुपये पिग्मी भरायच्या, मुलीच्या लग्नासाठी. शटर अर्धेच वर होते, म्हणून वाकून कागद वाचत होत्या. एकदा वाचला, बोट ठेवून दुसऱ्यांदा वाचला. मग मला म्हणाल्या, “ताई, यात माझं पैसं कुठं लिहिलंय?”

मी काहीतरी समजावू लागले. त्यांनी मधेच थांबवले आणि तीन गोष्टी विचारल्या. आज किती मिळतील? बाकीचे बुडाले का? एजंट संध्याकाळी येईल त्याला पन्नास द्यायचे का नाही?

यांतल्या एकाचेही उत्तर त्या कागदावर नव्हते. मुख्य कार्यालयाला फोन केला. दोन उत्तरे मिळाली, तिसऱ्याला ‘बघून सांगतो’ म्हणाले. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचे पान उलटे केले आणि निळ्या स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिले:

‘रिझर्व्ह बँकेने आपल्या बँकेवर कालपासून निर्बंध घातले आहेत. कारण: बँकेने दिलेली मोठी कर्जे परत आली नाहीत. आज एका खात्यातून ५,००० रुपयांपर्यंत मिळतील. बाकीची रक्कम खात्यावर नोंदलेली आहे, पण ती कधी मिळेल हे आज आम्हाला माहीत नाही. पिग्मी आज भरू नका. उद्या सकाळी दहाला या फलकावर नवी माहिती लावू. काही नवीन नसेल तर तसेही लिहू.’

व्यवस्थापक साहेबांनी ‘आम्हाला माहीत नाही’ या शब्दांवर बोट ठेवले. हे लिहिले तर लोक काच फोडतील, म्हणाले. त्यांची भीती प्रामाणिक होती. बाहेर एव्हाना चाळीस माणसे होती. पण कागद लागल्यावर गर्दीतला एक माणूस मोठ्याने वाचू लागला आणि बाकीचे गप्प झाले. आरडाओरडा नंतर झालाच, शिव्याही खाल्ल्या. काच मात्र फुटली नाही. दुसऱ्या दिवशी दहाला सांगण्यासारखे काही नव्हते. आम्ही लिहिले, ‘आज नवीन माहिती नाही. उद्या दहाला पुन्हा.’ तिसऱ्या दिवशी लोक दहाला येऊन फलक वाचून परत जाऊ लागले.

तेव्हा सूचना लिहिण्याआधी दारातल्या पहिल्या माणसाचे तीन प्रश्न ऐका आणि त्यांचीच उत्तरे त्याच क्रमाने लिहा. ‘तांत्रिक कारणास्तव’ कधीही लिहू नका. कर्ज बुडणे हे तांत्रिक कारण नाही.

‘आपली बँक’ म्हणावे की ‘आमची बँक’?

मराठीकडे ही एक सोय आहे, जी इंग्रजीकडे नाही. ‘आपण’ म्हणताना ऐकणारा आत असतो, ‘आम्ही’ म्हणताना तो बाहेर असतो. चांगल्या दिवसांत सहकारी बँका ‘आपण’ उदार हाताने वापरतात: आपली बँक, आपले सभासद, लेटरहेडवर ‘विना सहकार नाही उद्धार’. संकटानंतरही तेच चालू राहते: ‘आपण सर्व मिळून या संकटावर मात करू.’ इथे ‘आपण’ बोचतो. कर्ज मंजूर करताना ठेवीदाराला कोणी आत बोलावले नव्हते.

सोपा नियम: चूक सांगताना ‘आम्ही’. देणे सांगताना ‘आम्ही’ आणि ‘तुम्हाला’. ‘आपण’ पुन्हा कधी वापरायचा ते ठेवीदाराला ठरवू द्या. वर मी उतरवलेल्या कॅलेंडरच्या पानावरही ‘आपल्या बँकेवर’ असे आहे. आज लिहिताना मी तिथे बँकेचे नाव लिहीन.

बँकेबाहेरच्या संस्था हे कसे करतात?

एकच उदाहरण देते, महाराष्ट्रातले. ऑक्टोबर २००३ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीचा पहिला सूर होता की दुकानदारांनी साठवण नीट केली नाही. लोकांना ते पटले नाही, कारण वेष्टन कंपनीचे होते. पुढे कंपनीने दुकानदारांसाठी ‘विश्वास’ नावाची मोहीम काढली, जानेवारी २००४ मध्ये वेष्टन बदलले आणि मग अमिताभ बच्चन यांना घेऊन जाहिरात केली. जाहिरात सगळ्यांना आठवते, पण माझ्या मते काम वेष्टनाने केले. दुकानात हात लावून पाहता येईल अशी एक गोष्ट बदलली होती, आणि जाहिरातीला बोट दाखवायला जागा मिळाली.

बँकेला वेष्टन नसते. तिच्याकडे हात लावून पाहण्यासारखी एकच गोष्ट आहे: खिडकीतून बाहेर आलेले पैसे.

रिझर्व्ह बँकेच्या पत्रकातले शब्द कसे वाचावेत?

‘सर्वसमावेशक निर्देश’ म्हणजे कर्ज देणे, ठेव घेणे, पैसे देणे या सगळ्यांवर बंधन. ‘निर्देश म्हणजे परवाना रद्द झाला असे समजू नये’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रकात असते आणि ते अक्षरशः खरे आहे: बँक अजून बँक आहे. पण परवाना पुढे रद्द होणार नाही, असे ते म्हणत नाही. ‘संचालक मंडळ बरखास्त’ म्हणजे कारभार प्रशासकाकडे गेला; ठेवीदारासाठी ही वाईटच बातमी असते असे नाही. ‘परवाना रद्द’ आणि ‘अवसायक (बँक मोडीत काढून देणी भागवणारा अधिकारी) नेमणार’ असे शब्द दिसले की बँक संपली, आता ठेव विम्याचा दावा.

सगळ्यात जपून वाचायचा शब्द म्हणजे ‘मुदतवाढ’. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षे मुदतवाढीची पत्रके येत राहिली. त्या काळात वारलेले ठेवीदार मला माहीत आहेत. त्यांच्या वारसांचे अर्ज भरताना मृत्यूचा दाखला जोडावा लागला.

‘पाच लाखांपर्यंतची ठेव सुरक्षित’ हे कितपत खरे?

खरे आहे, पण पूर्ण वाक्य माहीत हवे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली. ही रक्कम मुद्दल आणि व्याज मिळून आहे, आणि एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखा धरून. तीन शाखांत तीन ठेवी केल्या म्हणून पंधरा लाख होत नाहीत. संयुक्त खाते वेगळे धरले जाते. विम्याचा हप्ता बँक भरते, तुम्ही नाही.

ठेव विमा कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून साधारण ९० दिवसांत विम्याचे पैसे मिळण्याची तरतूद आहे. पहिले ४५ दिवस बँकेने यादी देण्यासाठी, पुढचे ४५ ठेव विमा महामंडळाने तपासून पैसे देण्यासाठी. विलीनीकरणाच्या हालचाली असतील तर मुदत आणखी ९० दिवस वाढू शकते. विम्याचे पैसे मिळण्यासाठी संमतीपत्र भरून द्यावे लागते. केवायसी अपुरी असेल तर नाव मागे राहते. हे चार ओळींत सांगता येते, आणि प्रत्येक बँकेने पहिल्याच दिवशी फलकावर लावायला हवे.

एवढे सगळे नीट बोलले तरी विश्वास परत येतो का?

नेहमी नाही. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध आले, सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता. २७ फेब्रुवारीपासून २५,००० पर्यंत मिळू लागले. ४ ऑगस्टला ती सारस्वत बँकेत विलीन झाली. ठेवीदारांचे पैसे वाचले, पण १९६८ पासूनची बँक नावानिशी गेली. लोकांनी विश्वास ठेवला तो विलीन करून घेणाऱ्या बँकेवर.

मला वाटते, भाषेकडून एवढीच अपेक्षा ठेवावी: पैसे परत येईपर्यंतच्या दिवसांत माणसाला अंधारात ठेवू नये. गेलेले पैसे ती परत आणत नाही.

काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने काय बोलावे? त्याला तर काहीच माहीत नसते.

त्याला आधी सांगा. ठेवीदाराला बातमी टीव्हीवर कळते आणि कर्मचाऱ्याला ठेवीदाराकडून, असे घडू देऊ नका. आमच्या रोखपालांची स्वतःची ठेवही त्याच बँकेत होती. कोणी ओरडले की ते पासबुक काढून दाखवत आणि म्हणत, “काका, माझेही अडकलेत. जे मला कळेल ते तुम्हाला सांगेन.” हे वाक्य कुठल्या कार्यालयाने लिहून दिले नव्हते. नसलेली माहिती सांगू नये, वरिष्ठांना शिव्या देऊ नयेत आणि म्हाताऱ्या माणसाला बसायला खुर्ची द्यावी.

आमच्या पतसंस्थेच्या पाटीवर ‘ठेवी १०० टक्के सुरक्षित’ लिहिले आहे. विश्वास ठेवू का?

पतसंस्था बँक नाही. ठेव विम्याचे पाच लाखांचे संरक्षण पतसंस्थेतल्या ठेवींना लागू नाही, पाटीवर काहीही लिहिलेले असो. आत जाऊन विचारा: सुरक्षित म्हणजे कोणाच्या हमीवर? थकीत कर्ज किती टक्के आहे? सर्वात मोठे पाच कर्जदार संचालकांच्या नात्यातले आहेत का? मागच्या वर्षीच्या लेखापरीक्षणात कोणता वर्ग मिळाला? सभासद असाल तर वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून हेच विचारा आणि उत्तर इतिवृत्तात घ्यायला लावा. उत्तरात कर्ता आणि आकडा असेल तर ऐकत राहा. ‘काळजी करू नका, घरचीच संस्था आहे’ असे आले, तर मुदत संपल्यावर ठेव नूतनीकरणाला देऊ नका.